कूलंटचा लाल दिवा सारखा लागतोय? गाडी खरंच गरम होतेय की सेन्सर खोटं बोलतोय, असं ओळखा

मे महिन्यातली दुपार आहे. मालेगावहून (नाशिकचं नव्हे, आपलं वाशीम जिल्ह्यातलं) अकोल्याला निघालात. व्हॅन जुनी आहे, मागे घरची मंडळी बसली आहेत. मेडशी मागे पडलं, पातूरचा घाट आला आणि मीटरमध्ये लाल दिवा लागला. थर्मामीटरसारखं चिन्ह आणि त्याच्याखाली पाण्याच्या लाटा.

अशा वेळी गाडीत हमखास दोन मतं पडतात. एक जण म्हणतो, "थांबव, इंजिन जाईल." दुसरा म्हणतो, "अरे, तो दिवा तर महिनाभरापासून असाच लागतोय. सेन्सर खराब आहे. चल."

अडचण अशी की दोघांपैकी कोणीही बरोबर असू शकतो. जुन्या गाड्यांमध्ये हा दिवा खोटा लागणं अगदी नेहमीचं आहे. आणि 'लांडगा आला रे आला' या गोष्टीसारखं, एक दिवस तो खरा लागतो तेव्हा कोणी लक्ष देत नाही. म्हणून दिवा खरा की खोटा, हे स्वतः कसं ओळखायचं ते आज समजून घेऊ.

सगळ्यात आधी: दिवा लागला की काय करायचं?

रस्त्यावर असताना दिवा खराच आहे असं धरून चाला. तपास नंतर.

१. एसी बंद करा. गाडी रस्त्याच्या कडेला, शक्य असेल तर सावलीत घ्या आणि हॅझर्ड लाइट लावा.

२. वाफ निघत असेल, उकळल्याचा आवाज येत असेल किंवा गोडसर वास येत असेल तर इंजिन लगेच बंद करा.

३. किमान अर्धा ते पाऊण तास थांबा. उन्हाळ्यात त्याहून जास्त.

४. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका. ओलं फडकं टाकूनही नाही.

चौथा मुद्दा थोडा समजून घेऊ, कारण भाजण्याचे प्रकार इथेच होतात. रेडिएटरचं झाकण हे साधं झाकण नसतं. ते प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. आत दाब धरून ठेवतं, आणि दाब वाढला की पाणी उकळण्याचं तापमानही वाढतं. बऱ्याच गाड्यांच्या झाकणावर ०.९ हा आकडा लिहिलेला असतो. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांना उकळतं. म्हणजे आतलं पाणी ११० अंशांवर असूनही शांत दिसू शकतं. तुम्ही झाकण फिरवलं की दाब एकदम जातो, त्याच क्षणी पाण्याची वाफ होते आणि ती थेट तोंडावर, हातांवर येते.

तापलेल्या इंजिनवर किंवा तापलेल्या रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतणंही टाळा. धातू एकदम आकसतो आणि इंजिनच्या हेडला तडा जाऊ शकतो.

राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. अकोला–वाशीम–हिंगोली–नांदेड रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग १६१ आहे, त्यामुळे इथे तो चालतो. जिवावर बेतण्यासारखं काही असेल तर कुठूनही ११२. समृद्धी महामार्गावर असाल तर खाली उतरून लेनमध्ये उभं राहू नका. तिथे कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. माणसं रेलिंगच्या पलीकडे न्या.

आधी दिवा नेमका कोणता, ते बघा

'पाण्याचा दिवा' म्हणून आपण तीन-चार वेगळ्या दिव्यांना एकाच नावाने हाक मारतो. घोळ इथूनच सुरू होतो.

- लाल थर्मामीटर, खाली लाटा: इंजिनचं तापमान जास्त. हा सगळ्यात गंभीर.
- तेच चिन्ह, पण निळं: इंजिन अजून थंड आहे. सकाळी गाडी सुरू केल्यावर लागतो आणि थोड्या वेळाने जातो. हा बिघाड नाही.
- टाकी किंवा बाटलीसारखं चिन्ह, आत लाटा: कूलंटची पातळी कमी. हा सगळ्या गाड्यांत नसतो.
- डिझेल फिल्टरसारखं चिन्ह, खाली थेंब: डिझेलमध्ये पाणी आलंय. याचा रेडिएटरशी काहीही संबंध नाही. 'पाण्याचा दिवा लागला' असं ऐकून रेडिएटरमध्ये पाणी भरत बसलात तरी हा दिवा जाणार नाही. फिल्टरमधलं पाणी काढावं लागतं.

हा दिवा लागतो कसा?

इंजिन चालू असताना त्याच्याभोवती कूलंट फिरत असतं. वॉटर पंप ते ढकलतो, थर्मोस्टॅट ते कधी रेडिएटरकडे सोडायचं हे ठरवतो (बहुतेक पेट्रोल गाड्यांत साधारण ८२ ते ८८ अंशांना तो उघडायला लागतो), आणि रेडिएटरमध्ये हवा लागून ते थंड होतं. गाडी उभी असेल तेव्हा हे काम पंखा करतो.

या वाटेवर सेन्सर बसवलेला असतो. जुन्या व्हॅनमध्ये त्याचे तीन प्रकार सापडतात.

स्विच: एका वायरचा, साधा. ठरावीक तापमान ओलांडलं की आतला संपर्क जुळतो, वायरला अर्थ मिळतो आणि दिवा लागतो.

तापमान सेन्सर: यात तापमान वाढलं की विजेचा रोध कमी होतो. त्या बदलावर मीटरचा काटा हलतो किंवा गाडीच्या संगणकाला तापमान कळतं. काही गाड्यांत काट्यासाठी एक आणि संगणकासाठी दुसरा, असे दोन वेगळे सेन्सर असतात.

पातळीचा सेन्सर: कूलंटच्या टाकीत बसतो. काहींत चुंबक असलेला तरंगता गोळा असतो, काहींत नुसत्या दोन धातूच्या पिना. दोन पिनांमधून कूलंटमार्फत वीज गेली म्हणजे पातळी ठीक.

आता आपल्याकडचं बोअरचं जड पाणी आठवा. पाण्याच्या हंड्याला आतून जसा पांढरा थर बसतो, तसाच तो या पिनांवर आणि सेन्सरच्या टोकावर बसतो. टाकी भरलेली असूनही पिनांना पाणी 'लागत' नाही आणि दिवा लागतो. जुन्या गाडीत दिवा खोटा लागण्याचं हे एक अगदी साधं कारण आहे.

दिवा कधी लागतो? त्यावरून निम्मं निदान होतं

मिस्त्रीकडे जाण्याआधी तीन-चार दिवस हे लिहून ठेवा. मोबाइलवर व्हिडिओ काढलात तर आणखी चांगलं.

रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी फक्त चावी फिरवली आणि लाल दिवा तसाच राहिला: थंड इंजिन गरम असूच शकत नाही. म्हणजे बिघाड वायरिंगचा, सेन्सरचा किंवा मीटरचा. (बऱ्याच गाड्यांत चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद हा दिवा लागून विझतो. ती दिव्याची स्वतःची तपासणी असते.) मात्र तुमचा दिवा पातळीचा असेल तर आधी टाकी बघा, ती खरंच रिकामी असू शकते.

खड्ड्यात, गतिरोधकावर लुकलुकतो: कपलर सैल, वायर घासलेली किंवा पातळी अगदी काठावर.

हेडलाइट लावले, हॉर्न वाजवला की लागतो किंवा काटा हलतो: अर्थिंगचा दोष.

तापमानाचा आणि पेट्रोलचा, दोन्ही काटे एकदम वर चढतात: जुन्या पद्धतीच्या मीटरमध्ये दोघांना मिळून एकच व्होल्टेज नियंत्रक असतो. दोष बहुधा तिथे आहे, इंजिनात नाही.

बाजारात, गर्दीत लागतो, मोकळ्या रस्त्यावर विझतो: हा बहुतेक वेळा खरा असतो. पंखा, त्याचा रिले किंवा फ्यूज बघा.

घाटात, भरलेल्या गाडीत किंवा वेगात लागतो: हाही खरा धरा. रेडिएटर चोंदलेला, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा कूलंट कमी.

ढाब्यावर चहाला थांबलात, दहा मिनिटांनी चावी फिरवली आणि लागला, मिनिटभरात गेला: इंजिन बंद झाल्यावर पाणी फिरायचं थांबतं, पण धातूतली उष्णता तिथेच असते. त्यामुळे तापमान थोडा वेळ वर जातं. एखाद्या वेळी ठीक, पण रोज होत असेल तर कूलिंगची तपासणी करून घ्या.

'काटा तर मध्येच आहे' यावर विसंबू नका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो तेव्हाच खरं सांगतो. कूलंट इतकं कमी झालं की सेन्सरचं टोक हवेत उघडं पडलं, तर त्याला इंजिनची खरी उष्णता कळतच नाही. काटा मध्येच राहतो, कधी कधी खालीही येतो आणि इंजिन मात्र भाजत असतं. म्हणून पातळीचा दिवा लागलेला असताना 'काटा नॉर्मल आहे, चला' हा हिशेब चुकीचा ठरतो. पातळी डोळ्यांनी बघितल्याशिवाय काट्यावर विश्वास नाही.

घरी करायची तपासणी: इंजिन पूर्ण थंड असताना

मारुतीची ओम्नी (१९८४ मध्ये 'मारुती व्हॅन' म्हणून आली, २०१९ मध्ये बंद झाली) किंवा ईको असेल तर इंजिन पुढच्या सीटखाली असतं. बोनेट उघडून सगळं समोर दिसावं, अशी सोय या गाड्यांत नाही. सीट उचलावी लागते, आणि म्हणूनच या गाड्यांचं पाणी बघायचं राहून जातं.

पायरी १: बाटली. कूलंटच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर 'लो' आणि 'फुल' अशा दोन रेषा असतात. पातळी त्यांच्या मध्ये हवी.

पायरी २: रेडिएटर. इथे बरेच जण फसतात. बाटली भरलेली असते, पण रेडिएटर रिकामा असतो. गाडी थंड होताना झाकणातल्या छोट्या वॉल्वमधून बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. झाकणाचं रबर कडक झालं, किंवा बाटलीची नळी चिरली, की पाणी परत येत नाही. म्हणून थंड असताना झाकण उघडून आत बघा. पाणी काठापर्यंत हवं. आत तेलाचा तवंग किंवा गंजाचा लाल गाळ दिसला तर तेही लक्षात ठेवा.

पायरी ३: गळती. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाका. सकाळी डाग कुठे आहेत त्यावरून होस पाइप, रेडिएटर की वॉटर पंप, याचा अंदाज येतो. सुकलेल्या कूलंटचे हिरवट, गुलाबी किंवा पांढरे ओघळ क्लॅम्पपाशी शोधा.

पायरी ४: पंखा. गाडी उभी ठेवून इंजिन चालू करा. इलेक्ट्रिक पंखा असेल तर इंजिन तापल्यावर तो आपोआप सुरू व्हायला हवा. काटा नेहमीपेक्षा वर गेला आणि पंखा गप्पच असेल तर लगेच इंजिन बंद करा. तुमचा दिवा खोटा नाही. पंख्याजवळ हात नेऊ नका, इंजिन बंद असतानाही काही पंखे अचानक फिरतात.

या चारही गोष्टी ठीक असतील, पाणी कमी होत नसेल आणि तरीही दिवा लागत असेल, तर आता संशय विजेच्या बाजूवर.

सेन्सर की वायर? अशी वेगळी करा

या भागासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. जमत नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनसमोर उभं राहून हे करून घ्या.

कपलर काढून बघा. सेन्सरवरचा कपलर ओढून काढा. आत हिरवट बुरशी, गंज किंवा कूलंटचा ओलावा दिसतोय? कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकवा, परत घट्ट बसवा. बऱ्याच वेळा गोष्ट इथेच संपते.

एका वायरचा स्विच असेल तर: इंजिन थंड, चावी ऑन, दिवा लागलेला. आता वायर काढा.
- दिवा विझला: वायर ठीक, सेन्सर आतून चिकटलाय. सेन्सर बदला.
- दिवा तसाच राहिला: सेन्सर निर्दोष. वायर वाटेत कुठेतरी बॉडीला घासून टेकतेय किंवा दोष मीटरमध्ये आहे.

दोन वायरींचा आणि संगणकाला जोडलेला सेन्सर असेल तर वायरी एकमेकींना किंवा बॉडीला टेकवून बघण्याचा प्रयोग करू नका. त्याचा फक्त रोध मोजा. ठरावीक आकडा गाडीगणिक बदलतो, पण साधारणपणे थंड असताना दोन-तीन हजार ओहम आणि गरम झाल्यावर काहीशे ओहम असं चित्र असतं. आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा. सेन्सर सुटा करून गरम पाण्यात धरला तर रोध सलग, हळूहळू उतरायला हवा. मध्येच उडी मारली किंवा जागचा हललाच नाही तर सेन्सर गेला. यासाठी स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका, कूलंट विषारी असतं.

पातळीचा सेन्सर असेल तर तो काढून पिनांवरचा पांढरा थर मऊ ब्रशने साफ करा. गोळा असेल तर तो मोकळा हलतोय ना, ते बघा.

अर्थ तपासा. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर छान. ०.५ च्या वर गेलं तर अर्थची पट्टी काढून, घासून, घट्ट बसवा. जुन्या गाडीत एक सैल नट तीन वेगवेगळे बिघाड दाखवू शकतो.

दिवा खरा निघाला तर?

तर चांगलंच झालं, वेळेत कळलं. स्वस्तातून महागाकडे असं जा: झाकण, होस आणि क्लॅम्प, पंख्याचा फ्यूज-रिले, थर्मोस्टॅट, रेडिएटर, वॉटर पंप आणि सगळ्यात शेवटी हेड गॅस्केट.

रेडिएटर बाहेरूनही बघा. वाशीम हा सोयाबीनचा जिल्हा. काढणीच्या दिवसांत उडणारं भूस आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत बसते. आतलं पाणी कितीही चांगलं असलं तरी हवाच जात नसेल तर ते थंड कसं होणार? कमी दाबाच्या पाण्याने, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवा. जोराचा फवारा मारला तर नाजूक पट्ट्या वाकतात.

वरचा होस कडक तापलेला आणि खालचा जवळपास थंड असेल तर थर्मोस्टॅट उघडत नसल्याची शक्यता असते. यावर गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो, "थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे गरजच नाही." असं करू नका. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन योग्य तापमानाला पोचायला खूप वेळ घेतं, पेट्रोल जास्त लागतं आणि झीज वाढते. नवा बसवा.

पाणी कमी होतंय पण गळती कुठेच दिसत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही, ऑइल दुधाळ झालंय किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. अशी गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या.

पाणी चालतं का?

अडचणीत, गाडी थंड झाल्यावर, पिण्याचं पाणी घालून गॅरेजपर्यंत जाणं ठीक आहे. कायमचं नाही. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण उघड्या हवेत सुमारे १०७ अंशांना उकळतं, आणि दाबाखाली त्याहूनही बरंच वर. शिवाय ते गंज धरू देत नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, हा गैरसमज आहे. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात त्याची गरज उलट जास्त आहे. 'रेडी टू यूज' लिहिलेलं असेल तर त्यात पाणी मिसळू नका. दोन वेगळ्या प्रकारची कूलंटही एकत्र करू नका. फक्त रंग जुळला म्हणजे प्रकार जुळला असं नसतं.

भरल्यावर आत हवा अडकते. थंड इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू करा, बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरा, मग झाकण लावा. दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा बघा. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका. त्याची चव गोड असते आणि लहान मुलं किंवा कुत्री-मांजरं ते चाटू शकतात.

वायर कापू नका

सततच्या दिव्याला कंटाळून वायर तोडणं किंवा मीटरमधला बल्ब काढणं हा 'उपाय' सर्रास केला जातो. त्या दिवशी शांतता मिळते. पण पुढच्या वेळी होस फुटेल तेव्हा सांगणारं कोणी नसेल. सेन्सरचा खर्च शेकड्यांत असतो, जाम झालेल्या इंजिनचा हजारोंत. आणि तीच व्हॅन सकाळी शाळेची मुलं नेत असेल तर प्रश्न नुसत्या पैशांचा राहत नाही.

जुनी व्हॅन विकत घेतानाही हे बघा: चावी ऑन केल्यावर बाकीचे दिवे लागतात, पण तापमानाचा दिवा क्षणभरही लागत नाही? त्या मॉडेलमध्ये तो लागायला हवा का, हे पुस्तिकेत तपासा. हवा असेल आणि लागत नसेल, तर आधीच्या मालकाने काहीतरी लपवलेलं असू शकतं.

थोडक्यात

- रस्त्यावर दिवा लागला तर तो खरा धरा. थांबा, गार होऊ द्या, झाकण उघडू नका.
- थंड इंजिनवर लागलेला तापमानाचा दिवा बहुतेक विजेचा दोष. गर्दीत किंवा घाटात लागलेला बहुतेक खरा.
- बाटली आणि रेडिएटर, दोन्ही बघा. नुसत्या काट्यावर जाऊ नका.
- आधी कपलर आणि अर्थ साफ करा, मगच सेन्सर बदला.
- दिवा बंद करायचा तो कारण दूर करून, वायर कापून नव्हे.

घरात जुनी व्हॅन असेल तर उद्या सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, सीट उचलून एकदा पाणी बघा. दोन मिनिटांचं काम आहे.